एक जॅक आणि तीन माणसं

आत्या यंदा वारीला जाणार नव्हती. गुडघे. मागच्या वर्षी दिवेघाट कसाबसा चढली, आणि सासवडला पोहोचल्यावर डॉक्टरांआधी तिनं स्वतःच निकाल दिला. पण गप्प बसेल तर ती आत्या कसली! एप्रिलमध्ये फोन आला, "अरे, तुझ्याकडे ते रेकॉर्डिंगचं यंत्र आहे ना? मला पाच अभंग करून दे. दिंडीतल्या बायकांना पाठवते. पालख्या पुण्यात यायच्या आत हवेत हं."

यंत्र म्हणजे दोन माइक लागतील असं यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), लॅपटॉप आणि एक हेडफोन. कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली हा स्टुडिओ. आजवर मी एकटाच पेटी वाजवायचो, एकटाच ऐकायचो, त्यामुळे इंटरफेसला हेडफोनचा एकच जॅक आहे हे कधी खुपलं नव्हतं. आता आत्या गाणार, माझा मित्र तबल्यावर आणि मी लॅपटॉपपाशी. तंबोरा मोबाइलवरून आधीच रेकॉर्ड केलेला, तो फक्त हेडफोनमधूनच ऐकू यायला हवा, नाहीतर माइकमध्ये शिरतो आणि मग काढता येत नाही. म्हणजे तिघांच्या कानांवर हेडफोन हवा.

पहिला उपाय अर्थातच तपकीर गल्ली. शंभर-दीडशे रुपयांत वाय-स्प्लिटर, म्हणजे एका जॅकचे दोन करणारी वायर, मिळाला. एका टोकाला माझा ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, तो आत्याच्या डोक्यावर. दुसऱ्या टोकाला मित्राचा नवाकोरा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. मला हेडफोन उरला नाही, पण ते नंतर बघू म्हटलं. तंबोरा सुरू केला तर आत्यानं दचकून हेडफोन काढलाच. "कान फुटतील रे!" मित्र म्हणाला, "सुरू केलास का?"

आधी वाटलं स्प्लिटर बाद आहे. उलटसुलट लावून पाहिला, तरी तेच. रात्री दोन्ही हेडफोनचे आकडे शेजारी लिहिले तेव्हा उलगडा झाला. माझा ३८ ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो. मित्रानं २५० वाला घेतला होता, मोठा आकडा म्हणजे भारी माल या हिशेबानं. स्प्लिटर दोघांना सारखंच व्होल्टेज देतो. पण त्याच व्होल्टेजवर २५० ओमच्या हेडफोनला ३८ ओमवाल्याच्या साधारण साडेसहापट कमी पॉवर मिळते. हा झाला सुमारे ८ डेसिबलचा फरक. शिवाय एका मिलिवॉटला माझा ९९ डेसिबल आवाज देतो, त्याचा ९६. एकूण ११ डेसिबल, म्हणजे कानाला एक दुसऱ्याच्या दुपटीहून थोडा जास्तच मोठा. एकाच बटणावर दोघांचं समाधान होणं शक्यच नव्हतं. दोष कुणाचाच नाही. दोघांना आपापलं बटण हवं, इतकंच.

मग ॲम्प्लिफायरचा शोध. बजेट ४,००० रुपये, त्याच्या वर गेलो असतो तर घरात वेगळाच सूर लागला असता. इथे मी पंधरा दिवस वाया घालवले, कारण हेडफोन ॲम्प म्हणून शोधलं की आधी सापडतात ते निवांत बसून गाणी ऐकणाऱ्या शौकिनांचे. सुरेख ॲल्युमिनियमचे डबे, आवाजाच्या विकृतीचे, म्हणजे डिस्टॉर्शनचे, आकडे दशांश चिन्हानंतर तीन-तीन शून्यांचे. दोन वेळा ऑर्डर करता करता थांबलो. शेवटी लक्ष्मी रोडच्या बाजूच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. मालकांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऐकणार किती जण?"

"तीन."

"मग हे काय बघताय? हे एका माणसाचं आहे."

त्यांनी काउंटरवर चार जॅकची छोटी डबी ठेवली. बेहरिंगरचा एचए४०० ज्या जातीचा आहे, त्याच जातीची: एक इनपुट, चार आउटपुट, प्रत्येकाला स्वतःचं बटण, १२ व्होल्टचं ॲडॉप्टर. मी दोन्ही हेडफोन पिशवीत घालून नेले होते, ते बरं झालं. मालक वैतागेपर्यंत दोन गोष्टी तपासल्या. काहीही न वाजवता बटण पूर्ण फिरवलं आणि ३८ ओमच्या हेडफोनमध्ये सूंऽऽ किती येतं ते ऐकलं. शेवटच्या टोकाला येत होतं, पण तिथवर कुणी जाणार नव्हतं. मग आवाज अगदी बारीक केला. स्वस्त बटणांत तळाशी डावा-उजवा कान सारखा राहत नाही, एक बाजू आधी जागी होते. चारांपैकी तिसऱ्या बटणाला ते जाणवलं. त्या जॅकवर आता मी असतो.

ताकदीचंही बघितलं होतं. २५० ओमच्या त्या हेडफोनला ११० डेसिबलच्या शिखरापर्यंत जायला सुमारे अडीच व्होल्ट लागतात. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या इंटरफेसना ते जड जातं, १२ व्होल्टवाल्या डबीला जमण्यासारखं असतं. दुकानात मित्राचा हेडफोन लावून तबल्याची एक लग्गी ऐकली, बटण अर्ध्यावर होतं. तीन हजारांच्या आत काम झालं.

घरी येऊन मी शहाणपणा केला. इंटरफेसचा हेडफोन जॅक माझ्या तिसऱ्या हेडफोनसाठी मोकळा ठेवावा म्हणून मागच्या डाव्या लाइन आउटमधून (स्पीकर जोडायच्या जॅकमधून) एक जाड, चांगली महागाची केबल काढून डबीत घातली. आवाज आला, सगळे खूश. आत्यानं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. "माझा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा का वाटतोय?" मित्रानं डग्गा वाजवून पाहिला. "पोकळ. घुमारच नाहीये." मी माइक बदलला, माइकची जागा बदलली, सॉफ्टवेअर बंद करून सुरू केलं. मे महिना, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, बंदिस्त हेडफोनच्या गाद्यांखाली तिघांचे कान भिजलेले. पाऊण तास असाच गेला. मग आत्यानं घाम पुसायला एक कान मोकळा केला आणि म्हणाली, "आता बरोबर येतोय की."

एका कानानं बरोबर, दोन्ही कानांनी चूक! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या केबलच्या पिनला तीन भाग असतात: टोक, मधली कडी आणि खालचा दांडा. लाइन आउटमध्ये टोकावर सिग्नल सरळ असतो आणि कडीवर तोच उलटा, लांब केबलमधली खरखर कापण्यासाठी. माझी डबी मात्र टोक म्हणजे डावा कान आणि कडी म्हणजे उजवा कान समजते. म्हणजे आत्याच्या उजव्या कानात तिचाच आवाज उलटा जात होता. असं झालं की आवाज डोक्याच्या मध्यभागी बसत नाही आणि खर्ज विरून जातो. केबल तीच ठेवली, फक्त लाइन आउटमधून काढून हेडफोन जॅकमध्ये घातली आणि मीही डबीवरच आलो. इंटरफेसचं बटण मध्याच्या जरा पुढे नेऊन सोडून द्यायचं, बाकी ज्यानं त्यानं आपलं बघायचं.

त्यानंतर एक घूंऽऽ उरली होती. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती जायची, लावला की यायची. बॅटरीवर दीड तास निघतो, तेवढ्यात एक अभंग होतो. चहा आणि चार्जिंग एकाच वेळी.

एक अडचण या डबीनं सुटत नाही. चौघांना आवाज कमी-जास्त करता येतो, पण मिश्रण एकच. आत्याला तंबोरा भरपूर हवा, मित्राला तिचा आवाज पुढे हवा. वेगवेगळं मिश्रण हवं तर इंटरफेसलाच जास्त आउटपुट लागतात, आणि तो खर्च माझ्या ऐपतीबाहेरचा. शेवटी कौल आत्याच्या बाजूनं दिला. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा आला की ती दबून गाते आणि कमी आला की ओढते, हे पहिल्या दोन टेकमध्ये कळलं होतं. मित्र कुरकुरला, पण आत्याच्या तोंडाकडे बघून ठेका धरायला लागला, जसा तो देवळात धरतो.

पाचवा अभंग पालख्या यायच्या चार दिवस आधी झाला. मधल्या एका टेकमध्ये कुकरची शिट्टी आहे. आत्या म्हणाली राहू दे. आता तिला आणखी सात करायचे आहेत आणि त्याआधी हेडफोनला लांब वायर हवी आहे, कारण खाली आसनावर बसून गाताना मान टेबलाकडे ओढली जाते. शनिवारी पुन्हा तपकीर गल्ली.