आमची वाटचाल : नरकचतुर्दशीच्या आधीचे दिवस

गोव्यात थंडीसाठी घर तापवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीतही पणजीत पहाटेचा पारा विशीच्या आसपासच असतो, सत्तरी-सांगेकडे त्याहून थोडा खाली जातो. आपल्याकडे हिवाळ्याची तयारी म्हणजे न्हाणीतल्या गरम पाण्याची तयारी, आणि तिची तारीख पंचांगच ठरवतं : नरकचतुर्दशी. रात्रभर जागून नरकासुर जाळून पोरं घरी येतात, तेल-उटणं काढलेलं असतं, आणि नेमका त्याच वेळी गीझर रुसला तर घरातल्या सगळ्यांचा सण बिघडतो. फोंड्यातलं आमचं छोटं दुकान उभं राहिलं ते या एका पहाटेच्या भरवशावर.

मी मूळचा वायरमन. पंपाच्या मोटारी वाइंडिंग करण्यापासून सुरुवात झाली. तेव्हा गावागावांत न्हाणीच्या चुलीवर तांब्याचं भाण असायचं, खाली जळणाला नारळाची सोडणं, चुडतं, करवंट्या. मग गीझर आले, पाठोपाठ गच्चीवर पाणी तापवणारे सोलर आले, आणि दुरुस्तीची कामं आपोआप आमच्याकडे येऊ लागली. सगळी एकदम, दिवाळीच्या आठवड्यात! किनाऱ्याकडच्या गेस्टहाउसांचा सीझनही त्याच सुमारास सुरू होतो, त्यामुळे फोन खाली ठेवायला उसंत नसे. तेव्हा आम्ही ठरवलं की बिघडल्यावर धावण्यापेक्षा पाऊस सरला की आपणच गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. बायकोने वही घातली, गावानुसार घरं लिहिली, आणि दसऱ्याच्या आसपास फिरती सुरू झाली. आज आमच्या कामाचा कणा तीच वही आहे.

सोलरला चार महिन्यांचा पाऊस फार सोसावा लागतो. काचेवर शेवाळ धरतं, माडाचं चुडत पडून नळी फुटते, खाणपट्ट्यात लाल धुळीचा थर बसतो. काचेच्या दुहेरी नळ्यांच्या मधे निर्वात पोकळी असते आणि बुडाशी चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला की समजायचं, पोकळीत हवा शिरली. ती नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी बदलावीच लागते. गच्चीवर चढलो की मी आधी हवेचा पाइप बघतो. कुंभारमाशी त्यात मातीचं घर बांधते. पाइप बुजलेला असताना टाकीतलं पाणी ओसरलं, तर आत हवा यायला वाट उरत नाही आणि टाकीचा पत्रा आत चेपतो. हजारोंची टाकी मुठीएवढ्या मातीपायी जाते. आणखी एक सांगतो : रिकाम्या नळ्या उन्हात तापलेल्या असताना त्यात गार पाणी कधीही सोडू नका, काच तडकते. पाणी भरायचं ते सकाळी लवकर.

पावसाळ्यात टाकीतला विजेचा बॅकअप चालू केला जातो आणि पुढे तो बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाणी गरम येतं, म्हणून सोलर चाललाय असं घरच्यांना वाटतं. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत नेण्याला साधारण ४ युनिट लागतात. रोज टाकीभर वापर असला तर महिन्याला १२० च्या घरात जातात. ओळखायची रीत सोपी आहे. ऑक्टोबरच्या कडक उन्हात एक दिवस बॅकअपचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका, पाडून ठेवा. संध्याकाळी पाणी कढत आलं तर सोलर ठणठणीत आहे.

गीझरचं दुखणं वेगळं. जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा थोडं आम्लधर्मी असतं, काही भागांत त्यात लोहही असतं. पोलादाची टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती काढून गिऱ्हाइकाच्या हातात देणं हा माझा नेम आहे. बोटाएवढी जाड कांडी जाऊन मधली तार उघडी पडलेली एकदा पाहिली, की कांडी का बदलायची हे वेगळं समजावावं लागत नाही.

पण माझा जीव खरा अडकतो तो अर्थिंगमध्ये. माशेलच्या एका आजी म्हणाल्या, ‘‘अरे बाबा, नळाला हात लावला की मुंग्या येतात. पाणी मात्र छान तापतं हं!’’ पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचं आवरण चिरलेलं होतं. प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेली, पण तिथे कुणीतरी ती जोडलीच नव्हती, मागे नुसती गुंडाळून ठेवली होती. ओल्या अंगाने त्या नळाला कुणी नीट पकडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मला सोसत नाही. तेव्हापासून अर्थिंग नसलेला गीझर आम्ही चालू करून देत नाही, आणि वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवायचा आग्रह सोडत नाही. ‘‘इतकी वर्षं चाललंच ना?’’ म्हणत काही लोक दुसरीकडे गेले. जाऊ देत.

गॅस गीझरबाबत तर मी याहून कडक आहे. बंद न्हाणीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि दार उघडण्याचीही ताकद राहत नाही. थंडीत लोक खिडकी लावून घेतात, तेव्हा धोका वाढतो. गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि ज्योत निळी आहे ना हे पाहायचं. पिवळी दिसली तर तो तिथल्या तिथे बंद. आत बसवून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कितीही ओळखीचं घर असो.

यंदा वहीचा क्रम थोडा बदललाय. गेस्टहाउसांची कामं नवरात्राच्या आधीच हातात घेतोय. दसऱ्यानंतरचे दिवस बांदोडे, कवळे, सावई-वेरे, शिरोडा अशा गावांना राखून ठेवलेत. न्हाणीच्या आत बसवलेला गॅस गीझर कुणाकडे असेल तर तेवढं पाहणीचं काम आम्ही पैसे न घेता करतो. त्यासाठी वहीत नाव असण्याची गरज नाही, दुकानात येऊन सांगितलं तरी पुरे.