रान लावलं की झालं

रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, पंखा पाचवर आणि फोन म्हणतोय स्टोरेज फुल. गुड मॉर्निंगचे गुलाब उडवले, चुलतभावाच्या लग्नातले एकाच पोझचे चार-चार फोटो उडवले, तरी आकडा ढिम्म हलेना. मग गॅलरीत खाली खाली जात राहिलो तर काय, नुसती पानं. पान समोरून, पान मागून, पानाशेजारी माझा अंगठा (साइज कळावा म्हणून!), खोड, सालीचा क्लोजअप, परत पान. आणि मधेमधे रिकाम्या फांद्या. बायकोने डोकावून विचारलं, हे काय? म्हटलं शेकरू. कुठाय? आत्ताच गेलं. "२०१७ पासून आत्ताच जातंय का ते," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

भीमाशंकरचा होता तो फोटो. शेकरूचं असं की ते दिसतं तेव्हा अगदी निवांत दिसतं, तांबूस अंग, झुपकेदार शेपूट खाली सोडलेली, फांदीवर बसून काहीतरी कुरतडतंय, आणि तुम्ही खिशात हात घातला की ते पुढच्या झाडावर. आपला राज्यप्राणी आहे म्हणे, पण राज्यातल्या जनतेला पोझ द्यायला तयार नाही.

ही खोड मला बाबांकडून आलीय, खोड म्हणजे दिसेल त्याचं नाव पाहिजे. बाबा बँकेत कॅशियर होते, आम्ही डोंबिवलीला, आणि महिन्यातून एका रविवारी पहाटेची कर्जत नाहीतर कसारा लोकल धरून कुठल्यातरी डोंगरावर जायचं हे ठरलेलं. दुर्बीण नाही, पुस्तक नाही, पाठीवर रेक्झिनची सॅक आणि तिच्यात आईने दिलेल्या दशम्या. पण एखाद्या झुडपाला नाव न देता तसंच पुढे जाणं म्हणजे त्यांच्या लेखी हिशोब न जुळवता काउंटर बंद करणं.

आणि त्यांची एक पद्धत होती. समोरचं झाड घरातल्या ज्या भाजीसारखं, फळासारखं दिसेल त्याच्या पुढे रान लावायचं. पान भेंडीसारखं? रानभेंडी. वास तुळशीसारखा? रानतुळस. कशासारखंच नसेल तर "रानटी आहे काहीतरी, चल". यात गंमत अशी की बऱ्याचदा ते बरोबर निघायचं, कारण आपल्या लोकांनीही नावं ठेवताना दुसरं काही केलेलं नाहीये. माहुलीच्या वाटेवर त्यांनी कड्याकडे बोट दाखवून "ती बघ रानकेळ" म्हटलं होतं, तेव्हा मी नववीत होतो आणि नववीतल्या मुलाला बापाचं सगळंच खोटं वाटतं, तसं मला ते ठोकून दिलेलं वाटलं. वीस वर्षांनी कळलं की रानकेळच आहे ती, चवेणी म्हणतात, पावसाळ्यात कड्यावर उगवते आणि हिवाळ्यात वरून वाळून जाते. रानहळद खरी, ती पावसात जमिनीतून गुलाबी-जांभळं कणीस काढते ती. रानभेंडी, रानतुळस दोन्ही खऱ्या. रानकोबी मात्र मला अजून सापडलेला नाही.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र बाबांचा हिशोब सरळ होता, मातीत उमटलेला कुठलाही पंजा वाघाचा. मग आम्ही सगळे गप्प आणि एकमेकांना चिकटून चालायचो. पुढे कधीतरी मला कळलं की पंजापुढे नखांचे ठिपके दिसले तर ते कुत्रं, कारण बिबट्या नखं आत ओढून चालतो. म्हणजे लहानपणी मी गावातल्या मोत्याला घाबरून निदान पाच डोंगर उतरलोय.

रान लावून एकदाच फसले, पण असे फसले की बस. मी दहा वर्षांचा असेन. डिसेंबर होता, खांडसवरून गणेश घाटाने भीमाशंकरला चाललेलो. वाटेत एका झुडपावर वेल पसरलेला, त्याला शेंगांचे घोस, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या आणि वरून सोनेरी-तपकिरी मखमल. उन्हात इतक्या सुंदर चमकत होत्या की मलाही हात लावावासा वाटला. बाबा म्हणाले, थांब, मी काढून देतो, रानचिंच आहे ही. आणि एक शेंग तोडून, छान दोन बोटांत फिरवून, मानेवरचा घामही त्याच हाताने पुसला.

मिनीटभर काही नाही. मग त्यांनी मनगट खाजवलं. मग मान. मग सॅक खाली टाकली आणि बँकेत दिवसाला लाखांच्या नोटा शांतपणे मोजणारा माझा बाप त्या पायवाटेवर अक्षरशः नाचायला लागला. मला आधी वाटलं गंमत करतायत, मी हसलोसुद्धा. बाटलीतलं पाणी हातावर ओतणार एवढ्यात वरून लाकडाची मोळी घेऊन एक आजी उतरत होत्या त्या ओरडल्या, "आरं दादा, पानी नको लावूस, आजून पसरंल." मोळी टेकवली, शेंगेकडे बघितलं आणि काय ते समजल्या. बाबांनी त्याही अवस्थेत खुलासा केला की आम्हाला ती रानचिंच वाटली. "रानचिंच म्हनं! चिंच काय आशी केसाळ आसती व्हय? खाजकुयली हाय ती." मग वाटेवरची सुकी गोवरी उचलून, चुरून, ती बाबांच्या हातावर आणि मानेवर खसाखसा चोळली. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला बॉलपेन आणि मानेवर शेण. आजी हसत हसत खाली गेल्या, बऱ्याच खाली गेल्यावर परत एकदा "रानचिंच!" असं ऐकू आलं. पुढची शेकरूची घरटी, देवळाचं दर्शन, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

त्या लवेत म्युकुनेन नावाचं प्रथिन असतं आणि त्याने आग-खाज होते, हे सगळं मी आता वाचलं. शास्त्रीय नाव म्युकुना प्रुरिएन्स, आणि प्रुरिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये खाजरी. म्हणजे मोळीवाल्या आजींनी आणि त्या पंडितांनी शेवटी एकच गोष्ट सांगितली, फक्त आजींनी सोबत गोवरी दिली. पण लॅटिनवाले नेहमीच इतके सरळ नसतात. आपल्या शिवनेरीच्या कड्यावर एक वनस्पती आहे, मांसल दांड्याची, गडद तपकिरी-लाल चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे डाग आणि माश्यांना आवडेल असा वास. तिला डाल्झेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने फ्रेरिया इंडिका करून ठेवलं, कोण तर मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर, त्याच्या नावावर. साहेबाला खूश करायला लोक बंगल्यावर आंब्याची पेटी पाठवतात, यांनी शिवनेरीचं फूल पाठवलं. गावठी नाव शिंदळ माकुडी. आता शिंदळ का, हे मोठ्यांना विचारायची सोय नव्हती. बहुतेक त्याच अडचणीमुळे हल्ली सगळे शिवसुमन म्हणतात.

पावसाळ्यातली राजमाची पण सांगायला हवी. उधेवाडीत एका घरी मुक्काम, पहाटे पाच-साडेपाचला बाहेर कोणीतरी शीळ घालतंय. धड गाणं नाही, चाल नाही, मधेच वर जातंय, मधेच सोडून देतंय, रिकामटेकडं पोरगं सायकलवरून जाताना घालतं तशी. बाबा गोधडीतून ओरडले, "कोण रे तो टवाळ, झोपू द्या की लोकांना!" दोन मिनिटं शांतता, परत शीळ. बाबा तिरीमिरीत छत्री घेऊन बाहेर. घरमालक ओट्यावर दात घासत होता, तो म्हणाला, "अवो सायेब, पाखरू हाय त्ये." शीळकरी कस्तूर. काळानिळा, खांद्यावर चकाकणारा निळा, ओढ्याच्या कडेला राहतो आणि पावसाळ्यात गातो. बाबांनी छत्री मिटली आणि म्हणाले, असं होय, रानबुलबुल.

मी स्वतः काही वेगळा झालो असं नाही. ऑफिसचे पंधराजण घेऊन सप्टेंबरात हरिश्चंद्रगडाला गेलो होतो, डोंगर पिवळाधमक, मी लीडरच्या थाटात जाहीर केलं की हे सगळं सोनकी. सोनकी होतीच बरीचशी, छोट्या शेवंतीसारखी दिसते ती. पण खाली उतरताना एका ठिकाणी वाकून बघितलं तर फूल घेवड्याच्या जातीचं आणि तळाशी दोन लाल ठिपके, अगदी मिकी माउसचं तोंड. कवला. तोपर्यंत एचआरच्या मॅडमनी कवल्याचाच फोटो "सोनकी" म्हणून स्टेटसला टाकला होता आणि त्याला चाळीस बदाम आले होते. मी काही बोललो नाही. अजून त्या लिफ्टमध्ये भेटल्या की मला कवला आठवतो.

आता ॲप आहे. पानावर फोन धरायचा, ते गोल गोल फिरतं आणि सांगतं. मोठ्या झाडांना बरं चालतं, पण एकदा त्याने माझ्या अंगठ्यालाच "सस्तन प्राणी" म्हणून ओळखलं आणि पानाबद्दल मौन पाळलं. फारच अडलं की "द्विदल वनस्पती" म्हणून मोकळं होतं. द्विदल म्हणजे हरभऱ्यापासून आंब्यापर्यंत सगळं आलं की. बाबांचं "रानटी आहे काहीतरी" निदान खणखणीत आवाजात असायचं.

तर स्टोरेज. गेल्या ऑक्टोबरचा माहुलीचा एक फोटो होता, चामड्यासारखं जाड पान, देठाशी तपकिरी गोल फळं, बोराएवढी. ॲपचं उत्तर तेच, द्विदल. उडवणार होतो, मग म्हटलं जाऊ दे, बाबांना पाठवू. गुडघ्यांमुळे त्यांचे डोंगर बंद झाले त्याला आता सहा वर्षं झाली, रोज संध्याकाळी सोसायटीला दोन चकरा मारतात आणि वॉचमनला कुंडीतल्या झाडांची नावं सांगतात. निळ्या टिका लगेच आल्या. टायपिंग... टायपिंग... बराच वेळ. मग आलं:

"रानसुपारी असावी."

मी ते दोनदा वाचलं. सुपारीचं काही नाही, ते येणारच होतं. पण असावी? वाघाच्या पंजाला नाही, रानचिंचेला नाही, मानेवर शेण घेऊनसुद्धा कधी असावी म्हणाले नाहीत.

मी "हो, तीच" असं लिहून पाठवलं. फोटो ठेवलाय. लग्नातले अजून दहा-बारा उडवता येतील.