आग लावणारा माणूस

आज रात्री ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या विनोदी मालिकेचे तीन भाग ओळीने पाहिले आणि त्यानंतर मैत्रिणीशी फोनवर तासभर वाद घातला. वाद जुनाच आहे. तिच्या मते त्यातली सासू माया साराभाई ही सरळसरळ खलनायिका असून केवळ रत्ना पाठक शहा यांच्या लाघवी उच्चारांमुळे आपण तिला माफ करत आलो आहोत. मी वर्षानुवर्षे मायाची वकिली करत आले. आज मात्र बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की आरोपीच्या पिंजऱ्यात आपण दोघींनीही चुकीच्या माणसाला उभे केले आहे.

२००४ साली स्टार वनवर ही मालिका सुरू झाली तेव्हा इतर वाहिन्यांवर सासू-सुनांची युद्धे जोरात चालू होती. त्या सासवा घर, तिजोरी आणि मुलगा यांच्यासाठी लढत. कफ परेडच्या मायाला यातले काहीच नको असते. तिला फक्त सुनेची अभिरुची सुधारायची असते. दिल्लीकडून आलेल्या मध्यमवर्गीय सुनेचे ‘मनीषा’ हे नाव तिला इतके सामान्य वाटते, की ती ते ‘मोनिशा’ करून टाकते. (आपल्याकडे वर्गागणिक एक मनीषा असायची, त्या सगळ्यांच्या वतीने मला या प्रसंगाचा थोडा राग आहे.) मायाचा अपमान ‘मोनिशा बेटा’ या संबोधनापासून सुरू होतो आणि ‘मिडल क्लास’ या शिवीपाशी थांबतो; मधल्या वाक्यात आवाज एका पट्टीनेही चढत नाही. लेखक आतिश कपाडिया यांनी भांडणातून आरडाओरडा काढून घेतला, म्हणूनच त्यात शब्दांना जागा मिळाली.

पण हे भांडण दर भागात पेटते कसे, हे पाहायला लागले की नजर सोफ्यावर बसलेल्या मायाच्या नवऱ्याकडे, इंद्रवदनकडे जाते. सून आणि मुलगा समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात, म्हणजे दोन दारांमध्ये काही पावलांचेच अंतर, आणि त्या अंतरात हा गृहस्थ नारदाची भूमिका आनंदाने वठवत असतो. मोनिशाने काही स्वस्तातले आणले, काही फुकट मिळवले, की ती बातमी मायापर्यंत पोहोचवण्याची घाई त्यालाच असते. बरे, तो सुनेच्या बाजूने आहे म्हणावे, तर तिची फजिती होतानाही तो तितक्याच चवीने हसतो. त्याला कोणाचा विजय नको असतो. त्याला भांडण हवे असते, आणि ते मिटायला आले की तो अगदी निरागस चेहऱ्याने एखादे वाक्य सोडून देतो. धाकटा मुलगा रोसेश आईवर कविता वाचू लागला, की मायाचे डोळे कौतुकाने पाणावतात आणि इंद्रवदनला त्या चिरक्या आवाजाला नव्या उपमा सुचू लागतात. रोसेशच्या कविता वाईट आहेत यात शंका नाही, पण बापाची टिंगल नसती तर त्या नुसत्याच वाईट राहिल्या असत्या.

मैत्रिणीचे म्हणणे असे, की या घरात प्रेक्षकाचा प्रतिनिधी थोरला मुलगा, म्हणजे मोनिशाचा नवरा साहिल आहे, कारण तोच एक शहाणा आहे आणि आपल्याला जे बोलावेसे वाटते ते तो बोलतो. मला हे पटत नाही. सुमीत राघवन यांनी साहिलचे वैतागणे फार नेमके पकडले आहे, यात वादच नाही. विनोदी मालिकेत सरळ माणसाची भूमिका करणे हे थट्टा करण्याहून अवघड असते, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही. परंतु साहिलला घरात शांतता हवी असते, आणि आपल्याला प्रेक्षक म्हणून शांतता कुठे हवी असते? पुढची वीस मिनिटे माया आणि मोनिशा गुण्यागोविंदाने राहिल्या, तर आपण वाहिनी बदलू. आपली खरी इच्छा इंद्रवदनच पुरी करतो.

“म्हणजे तुझं म्हणणं, तो खलनायक?” तिने विचारले. मी तसे म्हणू शकले नाही, आणि का, याचे नीटसे उत्तर तिला देताही आले नाही. आता लिहिताना वाटते, की याचे कारण इंद्रवदन साकारणाऱ्या सतीश शहांमध्ये आहे. दुसऱ्या कोणी हे काम केले असते, तर हा म्हातारा कपटी वाटला असता. त्यांनी त्याला खोडकर मुलाचे डोळे दिले. काडी टाकून झाली की ते डोळे आधी मायाकडे, मग मोनिशाकडे वळतात आणि आता काय होते याची वाट पाहतात.

बाकी पात्रांबद्दल आज फारसे बोलणे झाले नाही. देवेन भोजानी मालिका दिग्दर्शित करता करता स्वतः घरचा जावई दुष्यंतही झाले आणि यंत्रांच्या दुरुस्तीवर व्याख्याने देत राहिले, यावर आमचे एकमत आहे. २०१७ साली आलेला दुसरा हंगाम फिका होता, यावरही आहे. त्यात माणसे तीच होती, पण प्रत्येक जण आपल्या लकबीची आठवण करून देण्याच्या घाईत होता, आणि मूळ मालिकेत ती घाई फक्त इंद्रवदनला होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शहा गेले. त्यानंतर मी मालिका आजच पुन्हा उघडली, आणि तिसऱ्या भागात बोलणाऱ्यांकडे पाहणे सोडून दिले. माया आणि मोनिशा पडद्याच्या मध्यभागी वाद घालत होत्या. सतीश शहा कडेला बसले होते, त्यांना वाक्य नव्हते, आणि ते दोघींकडे आळीपाळीने पाहत मनापासून मजा घेत होते.