उभा मॉनिटर आणि कोसळणारा डिस्प्ले सर्व्हर

जुळे सोलापुरातल्या घरी बसून मी अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि अधूनमधून एखादे पुस्तक असे त्याचे स्वरूप असते, आणि सोलापूर म्हटल्यावर एकाच पत्रिकेत मराठी, कन्नड आणि तेलुगू असा तिन्ही लिप्यांचा मजकूर येणे नेहमीचेच आहे. टेबलावर 24 इंची दोन मॉनिटर आहेत. उजवीकडचा मी दोन वर्षांपूर्वी 90 अंशांत फिरवून उभा केला, कारण आडव्या मॉनिटरची उंची जेमतेम 30 सेंटिमीटर भरते. त्यावर ए-फोर आकाराचे पान कसेबसे मावते आणि वरखालच्या पट्ट्या धरल्या तर तेही मावत नाही. तोच मॉनिटर उभा केला की पूर्ण पान मूळ आकाराच्या 1.4 पट मोठे दिसते. रफार निसटला आहे का, अनुस्वार मात्रेला चिकटला आहे का, कन्नडमधले अक्षराखाली बसणारे जोडाक्षर खालच्या ओळीला घासते आहे का, हे पान न सरकवता पाहता येते. प्रूफ पाहणाऱ्याला ही सोय एकदा लागली की सुटत नाही.

यंदा मार्चच्या अखेरीपासून या सोयीने माझी झोप उडवली. काम चालू असताना दोन्ही पडदे क्षणभर काळे होत आणि मग लॉगिनची खिडकी समोर येई. संगणक बंद पडलेला नसे, पंखा फिरत असे, पण उघडे असलेले सगळे प्रोग्राम गेलेले असत. एका दुपारी एका स्मरणिकेच्या अकरा पानांवरच्या दुरुस्त्या अशा गेल्या. छापखान्याचे मालक फोनवर म्हणत होते, "ताई, प्लेट काढायला माणूस बसवून ठेवलाय," आणि मी कोऱ्या लॉगिनकडे पाहत बसले होते. त्या दिवशी मी पाने रात्री पुन्हा केली आणि हा दोष मुळापर्यंत शोधायचा, असे ठरवले.

पहिला संशय अर्थातच विजेवर गेला. सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या पुढे, दुपारी लाइट लुकलुकते हे रोजचे. घराचे वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्यांनी बोर्डात मीटर लावून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, 228 दाखवतोय, लाइनमध्ये काही नाही." त्यांचे म्हणणे खरे होते आणि माझा संशयही निम्मा खरा होता, पण हे कळायला पुढे आठ दिवस लागले.

डिस्प्ले सर्व्हर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. माझ्या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिच्यात प्रत्येक प्रोग्राम स्वतः पडद्यावर चित्र काढत नाही. प्रोग्राम आणि ग्राफिक्स चिप यांच्यामध्ये एक सर्व्हर असतो. तो सगळ्यांच्या खिडक्या, माऊस आणि कळफलक सांभाळतो. माझ्याकडे तो एक्सऑर्ग आहे. त्याचे मूळ 1984 साली एमआयटीमध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीममध्ये आहे आणि आजही वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती 1987 ची आहे. सर्व्हर कोसळला की त्याच्याशी जोडलेला प्रत्येक प्रोग्राम बंद पडतो. म्हणून संगणक जिवंत असूनही काम जाते.

सर्व्हर मरताना आपली नोंद ठेवून जातो, पण ती लगेच उचलावी लागते. लॉगिनची खिडकी परत येते तेव्हा नवा सर्व्हर सुरू झालेला असतो. नवी नोंदवही उघडते आणि आधीची 'ओल्ड' असे शेपूट लावून बाजूला ठेवली जाते. आपण वैतागून संगणक पुन्हा चालू केला की त्या जुन्या नोंदीवर दुसरी नोंद लिहिली जाते आणि पुरावा संपतो. पहिल्या तीन वेळा मी हेच केले होते. ही नोंद कुठे सापडते, तेही सांगून ठेवते. सर्व्हर रूट, म्हणजे संगणकाच्या सर्वोच्च, अधिकाराने चालत असेल तर ती 'व्हार'मधल्या 'लॉग' फोल्डरमध्ये असते आणि वापरकर्त्याच्या अधिकाराने चालत असेल तर त्याच्या होम फोल्डरमधल्या लपवलेल्या 'लोकल' फोल्डरच्या आत असते. चुकीच्या जागी पाहून "नोंदच नाही" असा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे.

चौथ्या वेळी मी आधी नोंद दुसरीकडे कॉपी केली आणि मगच लॉगिन केले. शेवटच्या ओळींत सिग्नल 11, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, असे लिहिले होते. सर्व्हरने आपल्या मालकीच्या नसलेल्या स्मृतीला हात लावला आणि कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, त्याला तिथेच थांबवले, असा याचा अर्थ. त्याच्यावर बॅकट्रेस होता, म्हणजे कोणत्या फंक्शनमधून कोणते फंक्शन बोलावले गेले याची उतरंड. सर्वांत वरच्या पायरीवर 'ओएस-लुकअप-कलर' असे नाव होते. ते वाचून मी रंगांच्या सेटिंगमागे एक पूर्ण संध्याकाळ घालवली. नंतर कळले की एक्सऑर्गच्या असंख्य बॅकट्रेसमध्ये हेच नाव वर असते आणि त्याचा रंगांशी संबंध नसतो. दोष घडल्यावर सिग्नल पकडणारा सर्व्हरमधला भाग त्या जागी असतो. त्याचे खरे नाव उपलब्ध नसल्यामुळे जवळचे उघड नाव छापले जाते. खरी गोष्ट दोन-तीन पायऱ्या खाली सुरू होते, आणि तीही डीबग चिन्हांची, म्हणजे फंक्शनांची खरी नावे पुरवणारी, पॅकेजे बसवल्याशिवाय नीट वाचता येत नाही. ती बसवून पुढच्या वेळचा बॅकट्रेस काढला तेव्हा सर्व्हरमधल्या, फिरवलेला पडदा पुन्हा रंगवणाऱ्या फंक्शनचे नाव स्पष्ट दिसले. कर्नलची नोंदही पाहिली. तिथे ग्राफिक्स चिप अडकल्याचा काहीच उल्लेख नव्हता. म्हणजे चिप ठीक होती आणि संशय उभ्या मॉनिटरवर आला.

पडदा फिरवणे वरवर साधे वाटते, पण आत बरेच घडते. एक्समध्ये दोन मॉनिटर म्हणजे दोन स्वतंत्र कागद नसून एकच मोठा कागद असतो आणि प्रत्येक मॉनिटर त्याचा एक तुकडा दाखवतो. माझा आडवा मॉनिटर 1920 बाय 1080 आणि उभा 1080 बाय 1920, म्हणून एकत्र कागद 3000 बाय 1920 चा होतो. प्रत्येक बिंदूला 4 बाइट धरले तर तो सुमारे 2 कोटी 30 लाख बाइटचा भरतो. मॉनिटर मात्र हाताने फिरवला तरी त्याच्या आतली यंत्रणा चित्र पूर्वीच्याच क्रमाने, ओळीमागून ओळ मागते. काही नव्या चिप हे वळण स्वतः घेतात, पण माझ्यासारख्या जुन्या चिपला 180 अंश जमतात, 90 जमत नाहीत. अशा वेळी सर्व्हर त्या मॉनिटरपुरती एक वेगळी प्रत, म्हणजे शॅडो, स्मृतीत तयार करतो. माझ्या मॉनिटरसाठी ती सुमारे 83 लाख बाइटची होते. मोठ्या कागदाचा कुठला भाग बदलला यावर सर्व्हर लक्ष ठेवतो आणि तेवढा भाग वळवून शॅडोत उतरवतो. मॉनिटरला दिसते ती शॅडो.

वळवण्याचे हे काम सर्व्हर करतो; शॅडोसाठी जागा मिळवणे आणि काम संपल्यावर ती परत करणे मात्र ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, असते. जागा परत केल्यानंतरही एखादा भाग जुना पत्ता धरून बसला आणि तिथे लिहायला गेला की सिग्नल 11. हे नेहमी घडत नाही, कारण शॅडो एकदा तयार झाली की दिवसभर तीच राहते. ती मोडून नव्याने बांधली जाते ती मॉनिटरची मांडणी बदलते तेव्हा.

इथे विजेचा धागा परत हाती आला. संगणक आणि आडवा मॉनिटर यूपीएसवर होते. उभ्या मॉनिटरची वायर तिथपर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून तो भिंतीतल्या साध्या बोर्डावर होता आणि संगणकाला डिस्प्लेपोर्टने जोडलेला होता. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरची वीज गेली की संगणकाच्या दृष्टीने बहुधा तो मॉनिटर केबल उपटल्यासारखा नाहीसा होतो. लाइट लुकलुकली की उभा मॉनिटर 'गेला' आणि दोन सेकंदांत 'आला', डेस्कटॉपने मांडणी नव्याने लावली, शॅडो मोडून पुन्हा बांधली गेली आणि कधीतरी त्या घाईत सर्व्हर कोसळला.

हा अंदाज तपासायला लाइट जाण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. काम जपून ठेवले आणि उभ्या मॉनिटरचा प्लग हाताने काढायला-घालायला सुरुवात केली. चौथ्या वेळी सर्व्हर कोसळला. पुन्हा केले तेव्हा सातव्या वेळी. मग फक्त एक गोष्ट बदलली: मॉनिटर उभाच ठेवून सेटिंगमध्ये वळण काढून टाकले. मान वाकडी करून वाचावे लागले, पण पंचवीस वेळा प्लग काढूनही काही झाले नाही. वळण परत लावले, पाचव्या वेळी कोसळला. दोष हुकमी घडवून आणता येतो, हे कळल्याच्या त्या क्षणी मला जो दिलासा मिळाला, तो पुढे दोष दूर झाल्यावरही मिळाला नाही.

पुढची पायरी ड्रायव्हरची होती. माझ्याकडे चिप बनवणाऱ्या कंपनीचा जुना खास ड्रायव्हर होता, तोही कधीतरी कुठला तरी सल्ला वाचून मीच बसवलेला. तो काढून मोडसेटिंग नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावला. हा ड्रायव्हर 2015 पासून एक्सऑर्गच्या सर्व्हरमध्येच समाविष्ट आहे. नव्या ड्रायव्हरसह पहिल्यांदा लॉगिन केले तेव्हा उभा मॉनिटर आडवा उघडला आणि मी घाबरले, पण कारण किरकोळ होते. जुना ड्रायव्हर त्या जोडणीला 'डीपी1' म्हणत असे आणि नवा 'डीपी-1' म्हणतो. लॉगिनच्या वेळी वळण लावणारी माझी जुनी स्क्रिप्ट नाव न सापडल्याने गप्प बसली होती.

त्या स्क्रिप्टकडे लक्ष गेले हे फार बरे झाले. डेस्कटॉप स्वतःची जपलेली मांडणी लावत होता आणि पाठोपाठ माझी स्क्रिप्ट तीच मांडणी पुन्हा लावत होती, म्हणजे दर लॉगिनला शॅडो दोनदा बांधली जात होती. मी स्क्रिप्ट कायमची काढली आणि वळण व जागा या दोन्ही गोष्टी एक्सऑर्गच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मॉनिटरच्या नावाखाली लिहिल्या. आता लॉगिनची खिडकीसुद्धा सरळ दिसते. प्लग साठ वेळा काढून घातला, सर्व्हर एकदाही कोसळला नाही. जुन्या ड्रायव्हरचा बॅकट्रेस आणि दोष घडवण्याची कृती मी त्याच्या देखभालकर्त्यांना पाठवून दिली.

वेलँडवर का गेले नाही, असे कोणी विचारील. एक्सला पर्याय म्हणून 2008 साली सुरू झालेल्या या पद्धतीत सर्व खिडक्या एकत्र रचण्याचे काम कंपोझिटर करतो, आणि तो चित्र रचतानाच वळवून रचू शकतो. मी ते चार दिवस वापरून पाहिले आणि उभा मॉनिटर उत्तम चालला. परंतु तीन लिप्यांसाठी मी वर्षानुवर्षे बसवलेला कळफलकाचा नकाशा एक्सच्या साधनावर उभा आहे आणि तो तिथे लागू होत नाही. तो नव्या पद्धतीने लिहून काढणे हे सवडीचे काम आहे. शिवाय कंपोझिटर कोसळला तर तिथेही उघडे प्रोग्राम बहुधा जातातच.

यूपीएसपर्यंत पोहोचणारी लांब वायर मी सर्वांत शेवटी आणली, आणि ते जाणूनबुजून केले. ती आधी लावली असती तर लाइट लुकलुकण्याचा त्रास त्याच दिवशी थांबला असता, पण ड्रायव्हरमधला दोष तसाच राहिला असता आणि पुढे कधीतरी केबल सैल झाल्यावर वर आला असता. मागच्या आठवड्यात टेबल पुसताना तसेच झाले. डिस्प्लेपोर्टची केबल हाताला लागून निघाली, उभा पडदा काळा झाला आणि एका तेलुगू-मराठी पत्रिकेचे जपून न ठेवलेले पान आडव्या मॉनिटरवर सरकून आले. केबल परत लावली, पान ओढून उजवीकडे नेले आणि वधूच्या मामांच्या नावातला राहिलेला रफार टाकला.