एडिसनला मामाकडे: न्यूयॉर्क जवळ आहे, स्टेशन लांब आहे

न्यू जर्सीत एडिसनला नातेवाईक असले की घरचे सगळे एकच वाक्य ऐकवतात: "न्यूयॉर्कच्या शेजारीच आहे, रोज जाता येईल." हे वाक्य ज्यांच्या दारात गाडी उभी असते त्यांच्यासाठी खरं आहे. गाडी चालवता न येणाऱ्या पाहुण्यासाठी ते खोटं आहे, आणि ते मला निघण्याआधी कोणी सांगितलं नाही. मी नोव्हेंबरात मामाकडे गेले होते. तुम्हीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्यांदा कोणाकडे राहायला जाणार असाल तर घर ते स्टेशन या अंतराचा बंदोबस्त विमानाचं तिकीट काढायच्या आधी करा.

मामाच्या घरापासून मेट्रोपार्क स्टेशन अडीच मैल. नाशिकला मी एवढं रोज चालते, त्यामुळे नकाशावर बघून मला काहीच वाटलं नव्हतं. गल्लीतून निघाल्यावर छान फूटपाथ आहे. मुख्य रस्त्याला लागल्यावरही थोडा वेळ आहे. मग एका वळणावर तो सरळ संपतो. पुढे उतरती हिरवळ, तिच्यावर ओली पानं, आणि अगदी कडेने ताशी पंचेचाळीस-पन्नास मैलांनी जाणाऱ्या गाड्या. त्यानंतर फूटपाथ पलीकडच्या बाजूला सुरू होतो, पण तिकडे जायला झेब्रा क्रॉसिंग बऱ्याच पुढच्या सिग्नलला आहे. शेवटचा तुकडा सगळ्यात वाईट: स्टेशन गार्डन स्टेट पार्कवेला चिकटून आहे, त्यामुळे महामार्गावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांचे रस्ते ओलांडावे लागतात. तिथले ड्रायव्हर पायी येणाऱ्या माणसाची अपेक्षाच करत नाहीत, कारण पायी कोणी येतच नाही. संपूर्ण वाटेत मला कुत्रा फिरवणारे एक आजोबा सोडले तर चालणारं कोणी दिसलं नाही.

जाताना उजेड होता. परतीला साडेपाचला उतरले तेव्हा मिट्ट काळोख. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे करतात, आणि त्यानंतर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. मधल्या पट्ट्यात रस्त्यावर दिवे नाहीत. विजेचा दिवा एडिसनने 1879 साली याच भागात, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत लावून दाखवला. त्याचं नाव मिरवणाऱ्या गावात स्टेशनच्या वाटेवर उजेड नसावा हे मला अजिबात पटलेलं नाही. मी मोबाइलचा टॉर्च लावून, गवतातून, हॉर्न खात घरी पोचले. मामी दारातच उभी होती. "फोन का नाही केलास?" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवला.

ज्यांना चालायचंच आहे त्यांच्यासाठी. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतात. तिथला कायदाही तेच सांगतो. तिथे वाहनं उजवीकडून जात असल्याने आपली सवय इथे उलटी पडते. सिग्नलला लाल दिवा असला तरी गाड्यांना उजवीकडे वळायची परवानगी असते, म्हणून चालण्याचं चिन्ह दिसल्यावरही डावीकडे-मागे बघून मगच पाय टाका. खांबावरचं बटण दाबल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी ते चिन्ह येतच नाही. काळं जॅकेट नेऊ नका, किंवा नेलंत तर वर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला. अंधार पडल्यावर मात्र चालूच नका. हा माझा स्पष्ट निकाल आहे; कितीही काटक असलात तरी.

अ‍ॅपवरची टॅक्सी हा दुसरा मार्ग. एवढ्याशा अंतराला मला सकाळी चौदा डॉलर आणि संध्याकाळच्या गर्दीत तेवीस डॉलर दाखवले, टिप वेगळी. म्हणजे न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा स्टेशनवर जाणं महाग. रोज परवडत नाही.

मग काय करायचं? पोचल्यावर पहिल्याच रविवारी नातेवाइकांबरोबर बसून त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक लिहून घ्या. मामा मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसला जातो आणि स्टेशनवरूनच पुढे जातो, हे मला नंतर समजलं. तेच दोन दिवस न्यूयॉर्कचे ठरवले, सकाळी त्याच्याबरोबर निघायचं आणि संध्याकाळी त्याच्याच वेळेला मेट्रोपार्कला उतरायचं, असं केल्यावर सगळं सुरळीत झालं. यजमानाला रोज "सोडाल का?" विचारण्यात दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. दिवस ठरलेले असले की तो प्रश्न उरत नाही. भावंडाची सायकल मिळत असेल तर आणखी चांगलं, पण पुढचा-मागचा दिवा आणि भक्कम कुलूप हवंच.

आता रेल्वे. तिकीट फलाटावरच्या मशीनवर किंवा एनजे ट्रान्झिट या न्यू जर्सीच्या रेल्वेच्या अ‍ॅपवर आधी काढा. मशीन असूनही गाडीत कंडक्टरकडून घेतलंत तर वर पाच डॉलर जास्त पडतात. अ‍ॅपवरचं तिकीट चढण्याआधी सुरू करावं लागतं, आणि एकेरी तिकीट आता तीस दिवसांत बाद होतं, त्यामुळे गठ्ठ्याने घेऊन ठेवू नका. सगळ्यात महत्त्वाचं: पेन स्टेशन नावाची स्टेशनं दोन आहेत. न्यूअर्कचं आधी येतं, त्यानंतर सिकॉकस, मग न्यूयॉर्कचं. "पेन स्टेशन" एवढंच ऐकून उठू नका. येताना न्यूयॉर्कला गाडीचा फलाट सुटण्याच्या जेमतेम दहा मिनिटं आधी बोर्डावर झळकतो आणि सगळी गर्दी एका जिन्याकडे धावते. त्या धावपळीत गाडीचं नाव नीट वाचा. आपल्याला ट्रेंटनकडे जाणारी नॉर्थईस्ट कॉरिडॉर हवी. नॉर्थ जर्सी कोस्टची गाडी राहवेपर्यंत त्याच रुळांवरून जाते आणि मग समुद्राकडे वळते. तिच्यात बसलात तर मेट्रोपार्क येणारच नाही.

लुबाडणूक म्हणाल तर न्यूयॉर्कचं बॅटरी पार्क, जिथून बोटी सुटतात ती बाग. सबवेतून, म्हणजे भुयारी रेल्वेतून, वर आल्याआल्या रंगीत जाकीट आणि गळ्यात कार्ड घातलेली माणसं वाट अडवतात. मला एकाने स्टॅटन आयलंड फेरी या बोटीचं तिकीट साठ डॉलर सांगितलं. ही फेरी सगळ्यांसाठी पूर्ण फुकट आहे, तिला तिकीटच नाही! तिच्यातून स्वातंत्र्यदेवता लांबून छान दिसते. प्रत्यक्ष स्वातंत्र्यदेवतेच्या बेटावर उतरायचं असेल तर तिकीट बागेतल्या कॅसल क्लिंटनच्या दगडी इमारतीत मिळतं, रस्त्यावर कोणाकडेही नाही. या माणसांच्या बऱ्याच बोटी बेटाला लागतच नाहीत, नुसत्या बाजूने फिरून येतात. मान हलवा आणि चालत राहा, उत्तर देऊ नका. आणि नातेवाईक गाडीने नेणार असतील तर बॅटरी पार्कला जाऊच नका. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून तीच अधिकृत बोट सुटते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी मात्र वेळ काढा. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब इथे शिकायला आले, आणि लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. आवारात सध्या कोणालाही सरळ सोडत नाहीत. आत शिकणाऱ्या ओळखीच्या माणसाने आधी पाहुणा म्हणून नोंद करावी लागते. माझ्या मामेबहिणीच्या मैत्रिणीने ती केली. त्या पुतळ्यासमोर उभं राहिले तेव्हा अडीच मैलांची सगळी चिडचिड विसरले. एवढ्या एका गोष्टीसाठी हा प्रवास पुन्हा करेन. 1 नंबरची सबवे, 116 व्या रस्त्याचं स्टेशन.

नायगारा नोव्हेंबरात नको. एडिसनहून गाडीने जवळजवळ सात तास, आणि अमेरिकेच्या बाजूने धबधब्याजवळ नेणारी बोट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बंद होते. वॉशिंग्टन एका दिवसात करू नका, पायांचे तुकडे पडतात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या गुरुवारी गाड्या सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात आणि बहुतेक दुकानं बंद असतात, त्या दिवशी घरी स्वयंपाकात मदत करा. मधले बरेच दिवस घरीच मजेत गेले, त्यांचं काय सांगायचं.

बॅगेत मसाले भरू नका. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, तिथल्या भारतीय बाजारात, गोड्या मसाल्यापासून थालिपीठाच्या भाजणीपर्यंत सगळं मिळतं. ताजा कढीपत्ता, फळं आणि मांस विमानतळावर काढून घेतात. चिवडा-चकली चालते, पण फराळ असला तरी खायचं सामान आहे असं विचारल्यावर स्पष्ट सांगा. विमानतळावरचा अधिकारी कुठे राहणार, किती दिवस हे विचारतोच. मामाचा पूर्ण पत्ता आणि फोन कागदावर लिहून हातात ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. किती दिवस राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही. ते आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवरून ठरतं; तिच्या सरकारी संकेतस्थळावर दोन दिवसांनी आपली तारीख तपासा. आरोग्यविमा भारतातूनच काढून जा आणि नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

घरात दोन गोष्टी. फोडणी देण्याआधी वरचा पंखा सुरू करा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा सगळं घर उठवतो. आणि सगळे कामाला, शाळेला गेल्यावर दाराचा अलार्म कसा बंद करायचा हे पहिल्याच रात्री शिकून घ्या. मामाने मला तो आकडा तिसऱ्या दिवशी सांगितला, तोपर्यंत मी अंगणातही जाऊ शकले नव्हते.

परतीचं विमान न्यूअर्कहून असेल आणि सामान एकाच बॅगेत मावत असेल तर मेट्रोपार्कहून रेल्वेने जाता येतं; न्यूअर्क विमानतळ स्टेशनवर उतरून टर्मिनलपर्यंत नेणारी एअरट्रेन घ्यायची, तिचे पैसे त्याच तिकिटात येतात. दोन मोठ्या बॅगा असतील तर मामालाच सोडायला सांगा.