सिंगापूर–न्यूयॉर्क अपडेट: गायब झालेला वेळ अखेर सापडतोय!

सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाला किती वेळ लागतो ते मी स्वतःच्या प्रोग्रॅमने काढून टाइमटेबलशी ताडून बघतोय, मागच्या वेळी जिथे अडकलो होतो तिथूनच सुरू करतो. अंतराचा प्रश्न मिटलाय, चांगी (सिंगापूरचा विमानतळ) ते जेएफके (न्यूयॉर्कचा) सर्वात जवळच्या रेघेने सुमारे १५,३४९ किमी, हॅव्हरसाइन (पृथ्वी पूर्ण गोल धरणारं सूत्र) आणि डब्ल्यूजीएस-८४ (ती किंचित चपटी धरणारं मॉडेल) मधला फरक जेमतेम नऊ-दहा किमी म्हणजे उड्डाणाचा पाऊण मिनिटसुद्धा नाही, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका. (अंतर काढायची विन्सेंटीची पद्धत मात्र टाळाच, जवळपास अँटिपोडल म्हणजे पृथ्वीच्या विरुद्ध टोकांवरचे पॉइंट आले की ती कन्व्हर्जच होत नाही, उत्तर स्थिरावतच नाही, कार्नीची २०१३ची पद्धत बिनधास्त वापरा.)

खरी डोकेदुखी वेळेची. मॅक ०.८५ (आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के) म्हणजे वरच्या थंड हवेत ताशी साधारण ९०३ किमी, भागाकार केला की बरोब्बर १७ तास, आणि टाइमटेबल म्हणतं साडेअठराच्या पुढे! टॅक्सी, क्लाइंब, अप्रोच यांचा अर्धा तास धरला तरी तासाभराहून जास्त वेळ कुठे जातो तेच कळेना. पूर्ण रूटला सरासरी वारा लावून पाहिला, काही उपयोग नाही. कारण समोरचा वारा जेवढा खातो तेवढा पाठीमागचा परत देत नाही. ९०० किमीचा स्पीड, १०० चा वारा, ९०० किमी जाऊन परत या: जाताना ५४ मिनिटं, येताना साडेसदुसष्ट, वारा नसता तर दोन तासच लागले असते. म्हणून तुकड्यातुकड्यानेच हिशेब हवा.

आणि मग काल रात्री जमलं!! डायक्स्ट्रामध्ये (सर्वात स्वस्त वाट शोधणारा अल्गोरिदम) एजची, म्हणजे वाटेच्या प्रत्येक तुकड्याची, किंमत किमीऐवजी मिनिटं केली, जीएफएस या हवामान मॉडेलचा २५० हेक्टोपास्कलचा (साधारण विमानं उडतात त्या उंचीवरचा) जानेवारीतला वारा घातला, आणि उत्तर ध्रुवापासून तीनेकशे किमीवरून जाणारी ती सर्वात जवळची रेघ सरळ जपानवरून पॅसिफिकमध्ये उतरली. प्रत्यक्षातली विमानंही बहुतेक तिकडूनच जातात, ते बघून जो आनंद झाला तो इथल्यांनाच कळेल. हिशेब सोपा आहे, रूट १,३०० किमीने लांबला तरी सरासरी ७७ किमीचा टेलविंड मिळाला की १७ तासांत बरोबरी, आणि जपानवरचा जेट (उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) हिवाळ्यात ३०० च्याही वर जातो.

ग्रिब फाइल (वाऱ्याचा डेटा याच फॉरमॅटमध्ये येतो) उघडायला मात्र जीव जातो, नवीन लोकांनी आधी एकच लेव्हल, म्हणजे उंचीचा एकच थर, डाउनलोड करा.

पुढे स्टेप क्लाइंब (इंधन जळून हलकं होईल तसं विमानाने टप्प्याटप्प्याने वर चढणं) घेणार होतो, टाक्या भरलेलं जड विमान सुरुवातीला खालीच उडतं आणि तिथला वारा वेगळा. पण हे लिहिता लिहिता सुचलं की मी अख्ख्या रूटला टेकऑफच्या वेळचाच वारा लावतोय, विमान अलास्काजवळ पोचेपर्यंत जेट कुठल्या कुठे सरकलेला असणार! म्हणजे स्टेप क्लाइंब नंतर, आधी प्रत्येक तुकड्याला त्या त्या तासाचा फोरकास्ट जोडायचा. एजची किंमत वेळेनुसार बदलणारा डायक्स्ट्रा कुणी लिहिला असेल तर कोड टाका प्लीज, उरलेला फरक तिथेच दडलाय असं वाटतंय.