जुनं व्हाउचर

"जरा एक जुनं व्हाउचर शोधून येते," असं कुणी म्हणालं की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढं आमच्या शाखेत सगळ्यांना न सांगता कळायचं. रेकॉर्ड रूमची किल्ली हेड कॅशियरच्या मागे खिळ्याला असे. माणूस ती उचलायचा, आत जायचा आणि दहा मिनिटांनी रिकाम्या हातानं परत यायचा. सापडलं का, हे कुणी विचारत नसे. एखाद्या नवख्यानं विचारलंच, तर "काय धूळ आहे हो आत!" हे उत्तर तयार. धूळ होतीच म्हणा.

मी आत गेले ती नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. संध्याकाळी कॅश बरोबर पाच हजारांनी कमी भरली. आकडा असा गोल आला की चूक कळते, फक्त माणूस सापडत नाही. पन्नासच्या नोटांचं पाकीट म्हणून मी कुणाच्या तरी हातात शंभरचं पाकीट ठेवलं होतं. कॅशियरची तूट कॅशियरनं भरायची असते. तेव्हाच्या पगारात तो चांगलाच लचका होता. पण रडू पैशांचं नव्हतंच. चारचौघांनी माझी कॅश तीन-तीनदा मोजून बघितली आणि कुणी एक शब्द बोललं नाही, त्याचं होतं. लेजरांच्या थप्पीआड उभी होते, तेवढ्यात दफ्तरी काका आले. माझ्याकडे न बघता पाण्याचा पेला लेजरवर ठेवला, "मॅडम, पंखा लावू का?" म्हणाले, लावला आणि गेले. पंख्याच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नाही, हे मला नंतर उमगलं.

डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याला बारीक भोकं असतात, तिथून पाणी नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून रडणाऱ्याचं नाक आधी वाहतं. "सर्दी झालीये" ही सबब त्यामुळे अगदीच खोटी नाही.

आमच्या एका साहेबांना राग आला की ते फाइल आपटत. त्याला सगळे 'दरारा' म्हणत. तोल त्यांचाही जायचाच, पण त्यांना त्यासाठी कधी किल्ली मागावी लागली नाही. पुरुषांना टपरी असते असं म्हणतात. पण आमचे हेड कॅशियर तंबाखूलाही शिवत नसत, टपरीवर जाणार कुठे?

त्यांना मी एकदाच पाहिलं, तेही आत नाही, बाहेर काउंटरवर. नोव्हेंबर 2016. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, 9 तारखेला बँका बंद आणि 10 तारखेपासून रांगा. काचेच्या पलीकडे कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, अलीकडे आम्ही. रेकॉर्ड रूमकडे जायला सवड कुणाला होती? रात्री दहाच्या सुमाराला ते जुन्या नोटा मोजत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ओठ चालूच, एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. मोजणी चुकली नाही. बोट ओलं करायच्या स्पंजाची त्या रात्री गरज पडली नसेल, असा एक वाईट विनोद माझ्या मनात आला. तो मी अजून कुणाला सांगितला नव्हता.

पुढे 7 सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला आणि इस्रोचे अध्यक्ष के. सिवन पंतप्रधानांच्या खांद्यावर रडले. ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "एवढ्या मोठ्या माणसानं असं रडावं?" हेड कॅशियर बशीतला चहा फुंकत राहिले. मला वाटलं, त्या बिचाऱ्यांना कुणी किल्लीच दिली नाही.

आता शाखा नव्या इमारतीत आहे. सगळं संगणकावर, जुने कागद कुठल्याशा गोदामात. साहेबांची केबिनसुद्धा काचेची. एटीएमच्या खोलीत गारवा आहे, पण कॅमेराही आहे, आणि बाहेरचा माणूस लगेच दार वाजवतो. व्हाउचर शोधायला जायचं तर जायचं कुठे?

गेल्या नोव्हेंबरात आमच्या नव्या मुलीला विम्याच्या टार्गेटवरून वरून फोन आला. फोन ठेवला आणि ती जागेवरच रडायला लागली. समोर हयातीच्या दाखल्याला आलेल्या आजी. त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, रेषाच झिजलेल्या. मुलगी एका हातानं नाक पुसत होती, दुसऱ्या हातानं आजींचा अंगठा कापसानं पुसून पुन्हा मशीनवर टेकवत होती. मी उठणार होते. खिळ्याकडे हातही गेला असता, पण तिथे खिळाच नाही.

आजींनी अंगठा तसाच मशीनवर ठेवून दिला.

"रडून घे गं बाई," त्या म्हणाल्या. "माझी एस्टी साडेचारची आहे."